पंचगंगेच्या काठाने

कोल्हापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

डिसेंबरच्या अखेरीस तुम्ही चौघे येत आहात, हे तुझ्या आईने फोन ठेवल्याठेवल्या मला सांगितले आणि तेव्हापासून घरात तयारीला सुरुवात झाली आहे. मुलांना आठवडाभर कुठे फिरवावे हे तू मला कळवायला सांगितले आहेस आणि दोन दिवस महाबळेश्वरला किंवा गोव्याला खोली घ्यावी का, असेही विचारले आहेस. माझे मत विचारशील तर खोली घेऊ नये. लांबच्या प्रवासात मुलांचा अर्धा वेळ गाडीच्या मागच्या सीटवर झोपण्यात जातो आणि मुक्कामी पोचल्यावर ती हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावापलीकडे फारसे काही पाहत नाहीत. कोल्हापुरातून सकाळी निघावे आणि दिवेलागणीला घरी जेवायला परतावे, एवढ्या टापूत पाहण्यासारखे इतके आहे की तुमचा आठवडाच अपुरा पडेल.

तुला ठिकाणांची नुसती यादी पाठवावी, असे मला वाटेना. थोरलीला या वर्षी शाळेत नद्यांचा धडा आहे, असे सूनबाई मागे म्हणाल्या होत्या, तेव्हा या खेपेला मुलांना आपली पंचगंगा दाखवावी, ती जिथे पंचगंगा होते तिथपासून ती जिथे कृष्णेला मिळते तिथपर्यंत दाखवावी, असे मी ठरवले आहे. एका दिवशी काठावरचे एकच ठिकाण घ्यायचे आणि तिथे मुलांचे मन भरेपर्यंत थांबायचे, एवढीच माझी अट आहे. एका दिवसात चार ठिकाणे उरकली की मुलांच्या हाती फक्त फोटो राहतात.

आरंभ प्रयाग चिखलीपासून करावा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि गुप्तपणे वाहते असे लोक मानतात ती सरस्वती, अशा पाचांची मिळून पंचगंगा झाली, ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकली आहेस, पण संगमावर उभे राहून दोन बाजूंनी येणारे पाणी एक होताना पाहण्यात जे समाधान आहे ते ऐकण्यात नाही. शहरापासून हे अंतर अगदी थोडे असल्यामुळे सकाळचे दोन-तीन तास पुरतात. येताना चिखली आणि आंबेवाडी गावांतून सावकाश यावे आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठवर चढले होते हे तिथल्याच एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मुलांना दाखवायला सांगावे. नदी काय करू शकते हे मुलांना कळायला हवे, आणि ते ज्यांनी सोसले त्यांच्या तोंडून कळावे.

दुसरा दिवस शहरातच पायी घालवायचा. पहाटे पंचगंगा घाटावर जावे, कारण त्या वेळी पाण्यावर धुके असते, पोहणारी मंडळी पायऱ्यांवर तेल चोळत बसलेली असतात आणि पावसाळ्यात बुडून जाणारी काठावरची लहान देवळे व दीपमाळा कोरड्या पायांनी जवळून पाहता येतात. घाटालगतच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. आज तिथे घरे दाटली आहेत, पण याच टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले आणि सातवाहनांच्या काळातली नांदती वस्ती उजेडात आली. मुलांना टेकडी आधी दाखवावी आणि तिथे सापडलेल्या वस्तू नंतर टाऊन हॉलच्या संग्रहालयात दाखवाव्यात, हा क्रम मोडू नकोस. त्या संग्रहालयात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची काशाची छोटी मूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी हा देव कसा पोचला असेल, हा प्रश्न थोरलीला विचार आणि उत्तर लगेच सांगू नकोस. तिने व्यापाराचे मार्ग, बंदरे, घाट आणि बैलांचे तांडे स्वतः जुळवत बसावे. संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेव. घाट आणि संग्रहालय यांच्या मधल्या वेळात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मुलांना धारोष्ण दूध पाजायचे आहे. म्हैस समोर उभी असते, धार पेल्यात पडते आणि फेसासकट पेला हातात येतो. धाकटा तोंड वाकडे करील, पण त्याच्यासमोर तालमीतून आलेला एखादा पैलवान दोन पेले रिचवताना दिसला की तोही पिईल.

तिसऱ्या दिवसासाठी मी कसबा बावड्याकडचा राजाराम बंधारा निवडला आहे. तुला कदाचित त्यात पाहण्यासारखे काही वाटणार नाही, पण माझा सर्वांत जास्त आग्रह याच ठिकाणाचा आहे. ज्या पद्धतीच्या बंधाऱ्याला महाराष्ट्रभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, तो आपल्याच मातीतला आहे आणि त्याची युक्ती लहान मुलालाही समजण्याइतकी सोपी आहे. नदीच्या पात्रात ओळीने दगडी खांब उभारायचे, खांबांना उभ्या खाचा ठेवायच्या, पाऊस सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, एकावर एक बसवायचे, फळ्यांच्या दोन ओळींमध्ये माती ठासायची, आणि पाणी अडले की ते काठच्या शेतांना उन्हाळ्यापर्यंत पुरते. पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून घेतले की पूर आणि गाळ दोन्ही मोकळेपणाने निघून जातात. कायमची भिंत घालून नदीशी झुंजण्यापेक्षा वर्षातून दोनदा तिच्या कलाने वागण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याचे कान ज्या आकड्याकडे लागलेले असतात, तो पाण्याचा आकडाही याच बंधाऱ्यावर मोजतात: एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्याही वर गेले होते. धाकट्याला बंधाऱ्यावरून खाली वाकून न पाहता, तुझा हात धरून, पंचावन्न फूट म्हणजे किती उंच हे डोळ्यांनी मोजायला सांग.

बंधाऱ्याने अडवलेले पाणी जाते उसाला, आणि तुम्ही येणार त्या दिवसांत गुऱ्हाळे भरात असतात. म्हणून चौथा दिवस नदीकाठच्या एका ओळखीच्या गुऱ्हाळघराचा. तिथे दुपारपूर्वी पोचून किमान एक काईल, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईचा एक घाणा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. चरकातून रस निघतो, तो काईलीत पडतो, चुलवाणात वाळलेली चिपाडे सरकवणारा माणूस क्षणभरही जागा सोडत नाही, रस तापू लागला की भेंडीच्या रोपांची खोडे चेचून काढलेला चिकट रस त्यात घालतात आणि मग सारी मळी वर येते, ती मोठ्या झाऱ्याने काढून टाकतात. इथवरचे काम कोणीही सांगू शकेल, पण त्यानंतरचे फक्त गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, कळते. रसाला पिवळसर, मग तांबूस रंग चढतो, मोठे बुडबुडे लहान होत जातात, गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो आणि एकदम हाक देतो. त्या हाकेसरशी माणसे धावून काईल उचलतात आणि वाफ्यात ओततात. थोडा उशीर झाला तर गूळ करपतो, थोडी घाई झाली तर तो बसत नाही. हा निर्णय तो माणूस कोणत्याही यंत्रावाचून दिवसभर पुन्हा पुन्हा घेतो, हे मुलांनी जवळून बघावे आणि त्याला नमस्कार करावा, अशी माझी इच्छा आहे. उसाच्या कांडक्यावर गुंडाळलेला गरम गूळ मिळेल तो खाताना तोंड भाजणार नाही, याकडे सूनबाईंनी लक्ष द्यावे. काकवीसाठी घरून बरणी न्यायची आहे, ती तुझ्या आईने आताच घासून ठेवली आहे.

एक दिवस राधानगरीसाठी राखून ठेव. फोंड्याकडे जाणारी एसटी पकडली तर वाटेत भोगावतीचे खोरे खिडकीतून दिसत राहते, म्हणून मोटारीपेक्षा मला एसटीच बरी वाटते. शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावाने वसवलेले हे गाव आहे, हे थोरलीला आवर्जून सांग. तिथल्या भोगावतीवरच्या धरणाचे काम त्यांच्याच काळात, १९०९ च्या सुमारास, सुरू झाले, पहिल्या महायुद्धात पैसा आणि साहित्य यांची चणचण पडल्याने ते रखडले, महाराज १९२२ मध्ये गेले आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आता बंद असतील, पण त्यांच्यासमोर उभे राहून त्यांचे काम समजावून सांगता येईल. मुलांना गवे बघायचे असतील तर दाजीपूरचे जंगल पुढेच आहे. ते दिसतीलच, असे वचन मात्र त्यांना देऊ नकोस.

पन्हाळा तू इतक्यांदा पाहिला आहेस की त्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो. २०२५ मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली आहे, म्हणून मधल्या वारी सकाळी लवकर जावे. अंधारबाव ही विहीर आणि अंबरखाना ही धान्याची कोठारे मुलांना आवडतील. माझी विनंती एवढीच की पश्चिमेच्या तटावर उभे राहून त्यांना कासारीचे खोरे दाखव. १६६० च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले आणि जिथे बाजीप्रभू पडले त्या गजापूरच्या खिंडीच्या परिसरातच कासारी उगम पावते, आणि तेच पाणी तुम्ही पहिल्या दिवशी प्रयागला पाहिलेले असेल.

शेवटचा पूर्ण दिवस वाडी आणि खिद्रापूर यांचा. एका दिवशी एकच ठिकाण हा माझा नियम इथे मोडावा लागतो, कारण दोन्ही एकाच वाटेवर आहेत आणि पंचगंगेची गोष्ट वाडीला संपून कृष्णेची पुढे चालू होते. नरसोबाच्या वाडीला संगमावर उतरून दत्ताच्या पादुकांचे दर्शन घ्यावे, कवठाची बर्फी घ्यावी आणि ऊन चढण्याआधी कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला निघावे. कोपेश्वराचे देऊळ तू एकदा घाईत पाहिले आहेस. या वेळी स्वर्गमंडपात निवांत बस. छताच्या मधोमध गोल मोकळा भाग आहे, त्याखाली तेवढीच गोल शिळा आहे, वर्तुळाभोवती बारा खांब आहेत आणि सूर्य सरकेल तसा उजेडाचा तुकडा त्या मंडपातून हळूहळू फिरत जातो. धाकट्याला बाहेरच्या बाजूने पायाशी ओळीने उभे असलेले हत्ती बघू दे. पुष्कळांच्या सोंडा फोडलेल्या आहेत आणि त्या का, हे तो विचारणारच. देवळात नंदी नाही, हेही त्याच्याच नजरेस आधी पडावे, मग मी त्याला दक्षाच्या यज्ञाची आणि कोपलेल्या शंकराची कथा सांगेन.

या फिरण्यात मुलांना एक गोष्ट चांगली दिसणार नाही आणि ती त्यांच्यापासून लपवू नये. शिरोळकडे जाताना पंचगंगेचे पाणी काळसर झालेले असते आणि काही ठिकाणी जलपर्णीखाली पात्रच दिसत नाही. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी तिच्यात मिसळते आणि काठच्या गावांना तेच सोसावे लागते. प्रयागचे स्वच्छ पाणी पाहिलेल्या मुलांना हा फरक आपोआप कळेल, आणि तो कळावा म्हणूनच मी वरपासून खालपर्यंतचा क्रम धरला आहे.

मुलांसाठी घसरणार नाहीत अशा तळव्याचे बूट आणि उन्हाच्या टोप्या घेऊन ये. सकाळी गारठा असतो, तेव्हा स्वेटरही हवेत. दत्तजयंतीच्या आसपास वाडीला पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे तुमच्या येण्याच्या तारखा पंचांगाशी ताडून मी दिवस नक्की करीन. गुऱ्हाळवाल्यांना आठवडाभर आधी सांगावे लागते, म्हणून तिकिटे काढल्यावर तारखा लगेच कळव. सौ. सूनबाईंना आशीर्वाद आणि मुलांना पापे.

तुझे,
बाबा