खंडेनवमीआधी जुनं हत्यार बफिंगला नेऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आलं की घराघरातनं माळ्यावरची जुनी हत्यारं खाली येतात आणि खंडेनवमीला चकचकीत दिसावीत म्हणून लोक ती सरळ बफिंगच्या दुकानात नेतात, त्याबद्दल लिहितोय. आमच्या चुलत्यांकडं एक तलवार होती, मुठीजवळ पात्यावर दोन ओळी कोरलेल्या. एका वर्षी बफिंगला दिली, दहा मिनिटांत आरशासारखी होऊन आली आणि त्या दोन ओळी गेल्या. आधी कुणी वाचून लिहून ठेवल्या नव्हत्या, आता कुणालाच कळणार नाही काय लिहिलं होतं. मला ते अजून सलतं.

मी मिलमध्ये फिटर होतो, आयुष्य लोखंडात गेलं. गेल्या वर्षी एका मित्राच्या गावचा वाडा पाडताना भिंतीतल्या देवळीत ठासणीचं एक पिस्तूल सापडलं, टोपीवर उडणारं (घोडा स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीवर आपटला की बार होतो तसलं), जुन्या काळचं. गंज इतका की नळी आणि घोडा एकच ढेकूळ झालेला, पापुद्रे सुटलेले, खाली खड्डेच खड्डे. मित्र म्हणाला ग्राइंडर मार आणि काळा रंग दे. मी म्हणालो माझ्याकडं दे, पण आधी पोलीस ठाण्यात चल.

हे महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ आहे, जुन्या पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार दुरुस्त करूनसुद्धा उडणार नसेल तर त्याला सूट आहे, पण ते उडणार की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नाही, दाखवायचं आणि लेखी घ्यायचं. आणि लायसन्स नसताना बंदूक पिस्तूल दुरुस्त करणं हाच गुन्हा आहे, त्यामुळं मी जे केलं ते फक्त गंज थांबवायचं काम, घोडा चालू करायचं नाही.

दुसरं म्हणजे नळी भरलेली आहे का बघणं. ठासणीच्या हत्याराला लाकडाची बारीक काठी तोंडातनं आत घालायची, कुठवर जाते तिथं खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची, रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे ठिणगी आत शिरते त्या भोकापर्यंत, पोचली पाहिजे. आमची अडीच इंच आधीच अडली. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा पेट घेते, म्हणून मी तिथंच हात काढला आणि पुढचं ठाण्यातल्या माणसांवर सोडलं. निघाली कुंभारमाशीची माती! पण दारू निघाली असती तर? काठी अडली की घरात खोदकाम करू नका, गरम तर अजिबात करू नका.

त्यानंतर काम सुरू. स्क्रू फिरेनात, रॉकेल आणि इंजिन ऑइल थेंब थेंब सोडत अकरा दिवस थांबलो, स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसेल असं घासून घेतलं, मग ते सुटले. लाकडी दस्ता बाजूला काढला आणि लोखंडाचे भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायला ठेवले, गाडीच्या बॅटरीत घालतो ते पाणी. आपल्या बोअरचं खारट पाणी यात चालत नाही, कारण लोखंडाचा खरा वैरी मीठ आहे, ते खड्ड्यांच्या तळाशी बसून हवेतली ओल ओढतं आणि वरून कितीही चमकवा, आतनं खातच राहतं. उकळलं की मीठ पाण्यात उतरतं, म्हणून पाणी दर वेळी नवीन, आणि लाल गंजाचा हळूहळू काळा होतो, तो काळा घट्ट धरून बसतो आणि लोखंडाला राखतो. वर सुटा काजळीसारखा थर येतो तो पितळी ब्रशनं झाडायचा, परत उकळायचं. खड्ड्यांत ब्रश पोचत नाही तिथं मी बाभळीचा काटा वापरला, लोखंडाला ओरखडा येत नाही आणि तुटला तर दुसरा घ्यायचा.

खड्डे घासून सपाट करायचा मोह फार होतो. पण नळी सपाट करायची म्हणजे सगळ्यात खोल खड्ड्याच्या तळापर्यंत बाकी सगळं लोखंड घासून टाकायचं, मग मूळची वस्तू राहिलीच कुठं? चिंच, लिंबू, व्हिनेगर लावतात, ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं आणि खड्ड्यात मुरून बसतं. संडासचं ॲसिड तर मुळीच नको, त्यात मिठातला तोच क्लोराइड असतो जो आपण काढायला बसलोय.

पाचव्या उकळीनंतर घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर काहीतरी दिसलं. भिंग घेतलं. सिंह होता, उभा, पुढच्या पायांत मुकुट धरलेला, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची खूण. नखाएवढा सिंह गंजाखाली इतकी वर्षं तसाच होता साहेब, ग्राइंडर लागला असता तर एका फटक्यात गेला असता! मी मित्राला रात्री साडेअकराला फोन केला.

शेवटी एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर ठेवून नळी हात लागणार नाही इतकी तापवून वाळवली, टॅनिक ॲसिडचा हात दिला (हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत असतं तेच टॅनिन, लोखंडाशी मिळून निळसर काळं होतं) आणि वर मेण. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. सगळं मिळून चार महिने, रोज संध्याकाळी तासभर. पिस्तूल चमकत नाही, काळंभोर आहे, खड्डे दिसतात, पण सिंहसुद्धा दिसतो.

तर विनंती अशी की नवरात्राआधी तुमच्या पेपरात एवढं छापा: जुन्या हत्यारावर खूण, अक्षर, नक्षी आहे का आधी बघा, फोटो काढा, मशीन लावू नका. पूजा जरूर करा, पण हळदीकुंकू आणि पाणी लोखंडावर न घालता खालच्या तबकात वाहा, आणि पूजा झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा, घामाचे हात लावू नका. आणि आपल्या अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पोरांना एकदा दाखवून आणा.

मित्राकडं ते पिस्तूल आता काचेच्या पेटीत आहे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. या पावसाळ्यात डाव्या बाजूच्या एका खड्ड्यात मोहरीएवढा नारिंगी ठिपका दिसला, म्हणजे तिथलं मीठ अजून गेलेलं नाही. येत्या रविवारी परत उकळायला घेतोय.

आपला,
एक निवृत्त फिटर, भवानी पेठ, सोलापूर