कुंडी ठेवली, भरणार कोण? : मनपा आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाईन्स

महोदय,

उन्हाळा लागला की शहरात मुक्या जनावरांसाठी पाण्याच्या कुंड्या ठेवल्या जातात. फोटो निघतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, येईपर्यंत काही फुटलेल्या असतात, काही कोरड्या. रोज भरायच्या कुणी, हे ठरलेलेच नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानुसार प्रत्येक प्रभागात भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या जागा ठरवायच्या आहेत. पाण्याची सोय तिथेच व्हावी. मातीची पसरट कुंडी कुत्रा पायाने उलटवतो, प्लास्टिकचा टब चोरीला जातो, लोखंडी घमेल्यातल्या पाण्यात दुपारी बोट घालवत नाही. जड बुडाची, 10 लिटरची सिमेंटची कुंडी घ्यावी. खोली वीतभर पुरे. आत एक वीट ठेवावी, म्हणजे पिल्लू किंवा खार पडली तर चढून बाहेर येते. 20 किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागते. मे महिन्यात दुप्पट धरा. म्हणजे एक कुंडी पाच कुत्र्यांची. कावळे पितात, उन्हाने आटते ते वेगळेच, म्हणून दिवसातून दोनदा भरणे आले. दुपारी तीनचे ऊन टाळायला ती भिंतीच्या पूर्वेला असावी. दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरच्या मार्गावर या कुंड्या लिहून द्याव्यात. दुपारची खेप जवळच्या पानठेलेवाल्याला सांगता येईल. तो दिवसभर तिथेच असतो.

डेंग्यूची हरकत निघेल, आणि ती रास्त आहे. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, कडेला चिकटतात आणि कुंडी सुकली तरी टिकून राहतात. नुसते पाणी फेकून भागत नाही. आठवड्यातून एकदा काथ्याच्या ब्रशने कड घासावी लागते.

उष्माघाताच्या कृती आराखड्यात कुत्र्यांसाठी एक पान जोडावे. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. अंगाचा ताप 41 अंशांवर गेला की आतले अवयव निकामी होऊ लागतात. लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चाल लडखडती दिसली की सावलीत न्यावे, पोट, जांघा आणि पंजे भिजवावेत, वारा घालावा आणि भिजवतच डॉक्टरांकडे न्यावे. ओले पोते पांघरून ठेवू नये. ते मिनिटांत तापते आणि वाफ कोंडते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. अन् आपल्याकडची खास गोष्ट: गच्चीवरच्या काळ्या टाकीचे मे महिन्यातले पाणी कढत असते. माठातले किंवा कूलरमधले घ्यावे.

पावसात धोका पथदिव्यांच्या खांबांचा. कुत्रा अनवाणी, चारही पाय ओले, आणि मुतायला खांबच शोधणार! बुडाशी उघडा जंक्शन बॉक्स किंवा सोललेली वायर असली की तो जागीच जातो. त्याच पाण्यातून शाळेची पोरेही चालत असतात. नालेसफाईसोबत जूनच्या आत प्रत्येक खांबाचे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) तपासून घ्यावा. खांबाजवळ कुत्रा मेलेला दिसला तर आधी वीज बंद, मग हात.

पावसाळ्यात गोचीडही वाढतात. निवारा केंद्रात नुसत्या कुत्र्याला औषध लावून उपयोग नाही, कारण मादी अंडी घालायला अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत शिरते. भेगा सिमेंटने बुजवाव्यात.

हिवाळ्याचे थोडक्यात. जुन्या चादरी दवाने ओल्या होतात आणि उलट गारठा धरतात. त्यापेक्षा तणीस (धानाचा पेंढा) बरे, ते ओलसर झाले की बदलता येते. पिल्ले ऊब शोधत गाड्यांखाली शिरतात, म्हणून ‘आपली बस’च्या डेपोत पहाटे गाडी सुरू करण्याआधी चाकांमागे बघण्याची सूचना लेखी निघावी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचा नायलॉन मांजा गोळा करून पोत्यात भरला, तरी कितीतरी पाय वाचतील.

दहाही झोनमध्ये या कामाला एकेक कर्मचारी नेमावा. प्रत्येक कुंडीवर ऑइलपेंटने क्रमांक आणि झोनचा फोन घालावा, म्हणजे कोरडी दिसली की लोक क्रमांकासह कळवू शकतील.

आपले,
रस्त्यावरच्या कुत्र्यांची देखभाल करणारे नागपूरकर