दोन इंजिनांना एकच धुराडं कसं चालेल?

प्रति, कस्टमर केअर

विषय : दोन इंजिनांच्या मॉडेल सेटमधलं एक इंजिन चुकीचं आलंय

नमस्कार,

गेल्या महिन्यात तुमच्याकडून अमेरिकन वाफेच्या इंजिनांचा सेट मागवला, तोच तो, १० मे १८६९ ला यूटामधल्या प्रोमॉन्टरी समिटला दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ जोडले गेले तेव्हा समोरासमोर उभी राहिलेली दोन इंजिनं, सेंट्रल पॅसिफिक कंपनीचं ज्युपिटर आणि युनियन पॅसिफिक कंपनीचं ११९ नंबर. ६,४५० रुपये मोजलेत, डिलिव्हरीचे वेगळे. पॅकिंग चांगलं होतं, रंग पण झकास. पण दोन्ही इंजिनं टेबलावर शेजारी ठेवली आणि कपाळावर हात मारला. दोघांना तेच फुग्यासारखं फुगलेलं धुराडं आणि दोघांच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या जळणाच्या डब्यात, लाकडं! साचा एकच वापरलाय, नंबर आणि रंग तेवढा बदललाय.

फोन केला तर तुमच्या मॅडम म्हणाल्या, सर दोन्ही जुनीच इंजिनं आहेत, डिझाईनमध्ये थोडं इकडेतिकडे चालतं. नाही चालत हो. ११९ कोळशावर चालायचं, त्याचं धुराडं सरळ नळीसारखं. ज्युपिटर लाकडावर चालायचं म्हणून त्याचं फुगीर. त्या दिवशीच्या फोटोत हा फरक लांबूनसुद्धा दिसतो, आणि तोच फोटो तुम्ही बॉक्सवर छापलाय, कमाल आहे!

आता तुम्ही म्हणाल धुराड्यासाठी एवढा आटापिटा कशाला. तर ज्याच्या घरी चूल होती त्याला विचारा, लाकूड पेटलं की ठिणग्या किती उडतात. इंजिनात तर वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर सोडतात, त्याने भट्टीतली हवा ओढली जाते आणि जाळ भडकतो, आणि त्या ओढीबरोबर जळते निखारे पण बाहेर. १८३१ मध्ये ऑल्बनीहून स्केनेक्टडीला डिविट क्लिंटन इंजिनाची गाडी गेली तेव्हा उघड्या डब्यांतल्या लोकांचे कपडे जळाले, छत्र्या उघडल्या तर त्यांनाही आग लागली. शेतं, लाकडी पूल, सगळ्यालाच धोका. म्हणून त्या फुगीर धुराड्यात आत एक उलटा शंकू आणि वर जाळी असायची, निखारे त्यावर आपटून खाली बाहेरच्या पोकळीत पडायचे. ती शोभा नव्हती. उलट जाळीमुळे ओढ कमी व्हायची आणि जळण जास्त लागायचं, पण गावं पेटवण्यापेक्षा ते परवडलं.

दुसरा मुद्दा तुमच्या माहितीपत्रकाचा. त्यात लिहिलंय की अमेरिकन इंजिनं मागासलेली होती म्हणून लाकूड जाळत. हे कोणी लिहिलं? जंगल दाराशी होतं म्हणून लाकूड जाळत, साधा हिशोब. एक टन कोळशाच्या उष्णतेला साधारण दोन टन लाकूड लागतं, वर जागा खातं ते वेगळंच, म्हणून वाटेत थांबून थांबून टेंडर भरावा लागायचा. पण कॅलिफोर्नियात कोळसा बाहेरून आणावा लागायचा आणि सिएराच्या डोंगरात लाकूड भरपूर, तर सेंट्रल पॅसिफिकने लाकूडच जाळलं. युनियन पॅसिफिकला वायोमिंगमध्ये कोळसा मिळाला, तर त्यांनी कोळसा. यात मागास काय?

आणि जळण वाचवायची अक्कल त्यांना होतीच की. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा इंजिन कारखानदार थॉमस रॉजर्सने १८४९ पासून इंजिनांना लिंक मोशन, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ सोडायची ते बदलणारी दांड्यांची यंत्रणा, लावायला सुरुवात केली. त्यामुळे गाडीने वेग घेतला की ड्रायव्हर सिलिंडरमध्ये जाणारी वाफ लवकर तोडतो, आणि आत गेलेलीच वाफ फुगत पिस्टन पुढे ढकलते, तेवढ्याच पाण्याजळणात जास्त काम. हे ११९ पण रॉजर्सच्याच कारखान्यातलं आहे, तुमच्या पत्रकात त्याचा शब्दही नाही. त्याच काळात पेनसिल्व्हेनियातल्या कंबरलँड व्हॅली रेल्वेने छोट्या पॅसेंजर गाड्यांसाठी १८५१ चं पायोनियर नावाचं हलकंफुलकं इंजिन घेतलं. दोन डबे ओढायला भलंमोठं धूड कशाला पेटवायचं, हा विचार त्यामागे होता. (पायोनियरचं मॉडेल काढा की कधीतरी, मी घेईन. पण धुराडं तपासून.)

तिसरी तक्रार सगळ्यात वैतागाची. तुमचं इंजिन वळणावर रुळावरून उतरतं. उलटं करून बघितलं तर पुढच्या चार छोट्या चाकांची बोगी (डबा नव्हे, चाकांची वळणारी चौकट) चिकटवून टाकलीय, फिरतच नाही! अहो अमेरिकन इंजिनाचा जीव त्या बोगीत आहे. तिथले रूळ घाईघाईत टाकलेले, वेडेवाकडे, वळणं तीव्र, इंग्लंडहून आलेली ताठ इंजिनं त्यावर टिकायची नाहीत. १८३१ ला स्टीफनसनच्या कारखान्यातून आलेल्या जॉन बुल इंजिनाला आयझॅक ड्रिप्स नावाच्या मेकॅनिकने न्यू जर्सीत पुढे आधाराची चाकं जोडली ती यासाठीच, आणि १८३२ मध्ये जॉन जर्व्हिस या अमेरिकन इंजिनिअरने तर पुढे फिरणारी बोगीच बसवली. १८३६ मध्ये हेन्री कँपबेल या दुसऱ्या इंजिनिअरने पेटंट घेतलं ते याच पुढे चार छोटी, मागे चार मोठी अशा चाकांचं. म्हणजे जो प्रॉब्लेम त्यांनी तेव्हाच सोडवला तो तुम्ही डिंक लावून परत आणलात.

मला हवंय ते असं. ११९ साठी सरळ धुराडं आणि कोळशाचा टेंडर पाठवा, दोन्ही इंजिनांच्या बोग्या फिरणाऱ्या द्या, आणि पत्रकातलं ते मागासलेली वगैरे काढा. जमत नसेल तर पूर्ण पैसे परत, कूपन नको, मागच्या वेळी दिलेलं कूपन अजून चालत नाहीये.

बॉक्स, थर्माकोल, बिल सगळं जपून ठेवलंय. कुरिअरवाल्याला सकाळी अकराच्या आत पाठवा, नंतर घरी फक्त आई असते आणि ज्युपिटर तिने शोकेसमध्ये ठेवलंय, ते ती देणार नाही.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक