सीबीसीच्या कागदावरचा भागाकार

महोदय,
पावसाळ्यात ठाण्यात घरोघरी ताप-खोकला असतो. डॉक्टर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला सांगतात. आपण हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तेवढ्या पाहतो आणि कागद घडी घालून ठेवतो. गेल्या वर्षी बाबांना फ्लू झाला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्याच कागदावर पेनाने भागाकार केला. न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट ९ टक्के (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशींचेच प्रकार), म्हणजे गुणोत्तर नऊच्या वर! निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असते. बाबा चालत-बोलत होते, तरी डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी दाखल करायला लावले. रात्री ऑक्सिजन लावावाच लागला.

२०२० च्या कोविड साथीतही लिम्फोसाइट घटलेले आणि हे गुणोत्तर चढलेले रुग्ण जास्त गंभीर होताना दिसले होते. स्टेरॉइडमुळे किंवा जिवाणूसंसर्गानेही आकडा वाढतो, त्यामुळे एवढ्यावरून घरच्या घरी निदान मुळीच करू नये. पण यासाठी वेगळी चाचणी लागत नाही, जादा पैसेही नाहीत. लॅबवाल्यांनी, निदान महापालिकेच्या आरोग्य केंद्रांनी तरी, हे गुणोत्तर अहवालावर ठळक छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे