तिच्या केसांवर कोणाचा हक्क?

चि. संघमित्रा,
जय भीम.

परवा फोनवर आपलं भांडण अर्धवट राहिलं, कारण तुझी बस आली. तुझं म्हणणं असं, की अमेरिकेतल्या काळ्या समाजातून मोठ्या झालेल्या नट्यांनी, गायिकांनी, खेळाडूंनी समाजाचं देणं फेडलंच पाहिजे. पडद्यावर मान खाली जाईल अशी भूमिका करू नये, केस सरळ करू नयेत, रंग उजळवू नये, कारण लहान मुली बघत असतात. तुझी रूममेट तर म्हणाली, जिला हे जमत नाही तिनं आमच्या टाळ्या घेऊ नयेत. मी नुसतं "असं नसतं गं" म्हणाले आणि तू म्हणालीस, "मग कसं असतं?" लिहूनच सांगते. पत्रात तुला मधेच तोडता येत नाही.

मुली बघतात हे मला मान्य आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं १९४० च्या सुमारास काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती विचारलं तर बहुतेकांनी गोरी उचलली. मग "तुझ्यासारखी कोणती?" असं विचारल्यावर काही पोरं रडायला लागली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. पण त्या निकालानं कुठल्या काळ्या नटीला नीट राहायला सांगितलं नाही. शाळा चालवणाऱ्या सरकारांना सांगितलं. माझा सगळा मुद्दा इथेच आहे, पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस, म्हणून हॅटी मॅकडॅनियल या काळ्या नटीची गोष्ट सांगते.

डिसेंबर १९३९ मध्ये 'गॉन विथ द विंड' या सिनेमाचा पहिला खेळ तुझ्याच अटलांटात झाला. हॅटीनं त्यात घरकाम करणाऱ्या गुलाम बाईची भूमिका केली होती, पण तिला त्या खेळाला येता आलं नाही. तिथल्या जॉर्जिया राज्याचे वर्णभेदाचे कायदे आडवे आले. पुढच्या फेब्रुवारीत तिला ऑस्कर मिळालं, काळ्या कलाकाराला मिळालेलं पहिलं. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या हॉटेलात तिला बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीकडच्या टेबलावर बसवलं होतं. आणि एवढं सोसून झाल्यावर तिच्याच समाजातली शिकलीसवरलेली माणसं तिला बोल लावायला लागली, की सतत मोलकरीण होऊन तू आमची शोभा करतेस. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलिवूडला गेले आणि काळ्या माणसांना बऱ्या भूमिका द्या, असं स्टुडिओच्या मालकांना सांगून आले. मागणी शंभर टक्के रास्त होती. पण तिची झळ लागली ती हॅटीसारख्यांना. जिनं पोटासाठी खरोखर लोकांच्या घरी कामं केली होती, तिला सांगायचं की पडद्यावर मोलकरीण होऊ नकोस, आणि दुसरी भूमिका तर कोणी देतच नव्हतं!

आता पुढचं वाच. हॅटीनं लॉस एंजेलिसच्या वेस्ट अॅडम्स भागात घर घेतलं होतं. 'शुगर हिल' म्हणायचे त्या वस्तीला. तिथल्या घरांच्या कागदपत्रांत अट होती, की गोऱ्यांशिवाय कोणी इथे राहायचं नाही. काही गोऱ्या शेजाऱ्यांनी काळ्या घरमालकांना कोर्टात खेचलं. हॅटी मागे हटली नाही. शेजारपाजारच्यांना घरी बोलावून तिनं एकजूट केली, आणि १९४५ मध्ये कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. असल्या अटी न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते त्यानंतर, १९४८ मध्ये. मला सांग, तिनं एखादी डॉक्टरीण झकास रंगवली असती तर त्या वस्तीतली घरं वाचली असती का? पडद्यावर जिनं समाजाची मान खाली घातली म्हणतात, तिनं पडद्याबाहेर काय केलं ते तुझ्या रूममेटला ठाऊक आहे का, विचार. १९५२ मध्ये हॅटी गेली, तर तिला हव्या त्या स्मशानभूमीतही जागा मिळाली नाही. ती गोऱ्यांसाठी राखीव होती.

याच्या उलट दुसरी काळी नटी, सिसली टायसन. १९६३ मध्ये टीव्हीच्या मालिकेत ती आपल्या नैसर्गिक, बारीक कापलेल्या केसांनी दिसली, तेव्हा तसं कोणी करत नव्हतं. अपमानास्पद वाटणाऱ्या भूमिका ती नाकारायची, मग हातात काम नसलं तरी चालेल. मला ती फार आवडते. पण तिनं ते स्वतः ठरवलं होतं. तिच्या निश्चयाचा नियम करून दुसरीच्या गळ्यात बांधला, की त्यातला सगळा मान निघून जातो आणि उरते ती नुसती पाळत.

ही पाळत कशी असते ते २०१२ मध्ये दिसलं. लंडन ऑलिंपिकमध्ये गॅबी डग्लसनं जिम्नॅस्टिक्सचं ऑल-अराउंड, म्हणजे सगळे प्रकार मिळून दिलं जाणारं, सुवर्ण जिंकलं. ते जिंकणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन मुलगी, वय १६. आणि ट्विटरवर चर्चा कशाची, तर तिचे केस नीट बसवलेले नाहीत! बोलणाऱ्यांत काळ्या बायकाही होत्या. त्यांचंही म्हणणं तुझ्यासारखंच: जग बघतंय, आमची लाज राख. फरक इतकाच, की तुला केस सरळ केलेले खपत नाहीत आणि त्यांना पुरेसे चोपून बसवलेले नव्हते म्हणून राग. दोन्हीकडून पोरीच्या डोक्यावर दुसऱ्यांचाच हात.

हा वाद तिथे जुना आहे. १९२६ मध्ये काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस म्हणाले, सगळी कला हा प्रचारच असतो आणि असायलाच हवा. त्याच वर्षी तरुण काळा कवी लँग्स्टन ह्यूज यानं लिहिलं, की आम्ही जसे आहोत तसे मांडू. गोरे खूश झाले तर ठीक, काळे खूश झाले तर ठीक, नाही झाले तरी बिघडत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं ते डुबॉइसना, म्हणून आपल्या घरात डुबॉइसचा मान मोठा. तरी या एका बाबतीत मी ह्यूजच्या बाजूची.

तू लगेच महाड काढशील. काढच. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या बायकांना लुगडं नेसायची पद्धत बदलायला सांगितली, ओळख पटवणारे ते जड दागिने टाकायला सांगितलं. म्हणजे दिसण्याला अर्थ असतोच ना? असतो. पण तिथे अंगावर लादलेली खूण उतरवायची होती, आणि ते सगळ्या बायकांना सांगितलं होतं. एका प्रसिद्ध बाईला पुढे उभी करून तिच्यावर अख्ख्या समाजाच्या अब्रूची कावड दिली नव्हती.

कोणी आपणहून दिलं तर मात्र त्याची किंमत मी जाणते. २०१४ मध्ये लुपिता न्योंगो ही काळी नटी एका समारंभात बोलली. लहानपणी ती देवाकडे गोरा रंग मागायची, आणि सुदानी मॉडेल अॅलेक वेकचा गडद काळा चेहरा सगळीकडे दिसायला लागल्यावर तिचं मन बदललं. पण त्याच भाषणात तिनं आईचं म्हणणंही सांगितलं, की सौंदर्य काही खाता येत नाही, त्यानं पोट भरत नाही. ही आई मला पटली. काळा रंग सुंदर आहे हे मुलींना कळावंच, पण सुंदर असणं हे आणखी एक काम म्हणून त्यांच्या मागे लागू नये.

मग त्या मोठ्या लोकांकडून काहीच मागायचं नाही का? मागायचं. गोरेपणाची क्रीम विकून पैसे घेतले तर जाब विचारायचा, कारण तो त्यांच्या चेहऱ्याचा नाही, धंद्याचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या ताऱ्यांनाही हेच लागू. जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस अमेरिकेत पोलिसाच्या हातून गेल्यानंतर २०२० मध्ये इथल्या सर्वात गाजलेल्या क्रीमनं नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, तो काही नट्यांनी केस बदलल्यामुळे नाही. कंपनीवर दबाव आला म्हणून. स्टुडिओला, मासिकाला, कंपनीला विचार की तुमच्याकडे एकच काळी बाई का? दहा असत्या तर एक मोलकरीण, एक चोर, एक न्यायाधीश, एक नुसतीच आळशी अशा सगळ्या झाल्या असत्या, आणि एकीच्या केसांवर इतकी रणं माजली नसती.

तुझे पप्पा हे वाचून म्हणाले, मला पटत नाही, मी संघमित्राच्या बाजूचा. त्यांना म्हटलं, मग तुम्ही तुमचं पत्र वेगळं लिहा. ते काही लिहिणार नाहीत, रविवारी फोन करतील. तेव्हा दोघं मिळून माझ्याशी भांडा.

तुझी,
आई