बिलात क्लिपा, मग कार्डावर का नाही?

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात सासूबाईंना गुडघ्याच्या एमआरआयला नेलं होतं, तिथल्या मुलाने विचारलं आजी पोटात काही मेटल वगैरे, तर त्या म्हणाल्या नाही रे बाबा, कवळी होती ती काढून ठेवलीय. मला बाजूला बसून आठवलं की सासूबाईंचं सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढलंय! फाइल उघडली तर डिस्चार्ज कार्डावर फक्त 'लॅप कोली (म्हणजे हेच ऑपरेशन), पेशंट स्टेबल'. बिलात मात्र ठसठशीत, टायटॅनियम क्लिप, नग ६.

मी स्वतः २२ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते म्हणून हिशोब लागला. पित्ताशयाची नळी आणि त्याची रक्तवाहिनी, दोन्ही बंद करायला आत राहणाऱ्या बाजूला दोन-दोन क्लिपा, निघणाऱ्या बाजूला एकेक आणि मधे कात्री. म्हणजे दोन पित्ताशयाबरोबर गेल्या, चार आत, तांदळाच्या दाण्यासारख्या. टायटॅनियमला एमआरआयचा चुंबक ओढत नाही त्यामुळे स्कॅन झाला, पण तोवर पाऊण तास फोनाफोनी आणि सासूबाई बिनकवळीच्या तोंडावर पदर धरून बसलेल्या.

लोक सरसकट 'पिना मारल्या' म्हणतात, पण वस्तू वेगवेगळ्या असतात हो. किडनी, फुप्फुसाच्या मोठ्या शिरेला स्टेपलर लागतो, दोन्हीकडे बारीक पिनांच्या ओळी बसतात आणि मधून ब्लेड फिरतं. प्लास्टिकच्या लॉकवाल्या क्लिपाही असतात. त्यातली हेम-ओ-लॉक ही दुर्बिणीतून किडनी काढताना डोनरच्या, म्हणजे किडनी देणाऱ्याच्या, किडनीच्या धमनीला लावू नका असं कंपनीनेच २००६ मध्ये सांगितलं, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०११ मध्ये परत बजावलं, कारण किडनीबरोबर धमनी लांब द्यायची तर डोनरकडे टोक आखूड उरतं आणि त्यावरून क्लिप सटकली की रक्त थांबवायला हातात मिनिटंच असतात. आता डोनरच्या घरच्यांनी काय लावलंय ते कुठे बघायचं, बिलात?

मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये सर्जन डॉ. उडवाडियांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं ते १९९० साली, एवढ्या वर्षांत कार्डावर एक ओळ वाढू नये? कोणती क्लिप, किती, कुठे, आणि पाकिटावरचा बॅच नंबर. लिहायला अर्धा मिनिट लागत नाही, मी केलंय ते काम.

सासूबाईंच्या कार्डावर मीच पेनाने लिहून टाकलं, टायटॅनियम क्लिप, ४ आत.

- एक निवृत्त सिस्टर, ठाणे