मंत्री साहेब, काजळाच्या मिशीबद्दल बोलायचंय

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार. मागच्या गॅदरिंगला मुलीच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता, थीम 'थोर नेते'. चार शिवाजी महाराज, तीन सावित्रीबाई, आणि सातवीतला एक पोरगा काजळाने चौकोनी मिशी काढून, हात ताठ पुढे करून आला, माईकवर म्हणे मी हिटलर, मी देशाला शिस्त लावली. टाळ्या पडल्या की हो, दुसरा नंबर पण आला.

पोराला काय बोलणार? घरात कडक बाप असला की आपणच म्हणतो ना, आमचे पप्पा म्हणजे हिटलर. फुटपाथवर त्याचं 'माझा लढा' कुठे मांडलेलं असतं बघा कधी, श्रीमंत कसं व्हावं आणि यशस्वी माणसांच्या सवयी यांच्या मधोमध.

आणि तो रुबाब पण बनवलेला बरं का. हाइनरिश हॉफमन नावाचा त्याचा खास फोटोग्राफर होता, त्याच्या स्टुडिओत हिटलर भाषणातले हातवारे करून फोटो काढून घ्यायचा आणि कुठली पोझ भारी दिसते ते बघायचा. चष्मा लागत होता पण चष्म्यातला फोटो छापू द्यायचा नाही, म्हणून भाषणं मुद्दाम मोठ्या टाइपात टाइप करून घ्यायचा. म्हणजे आपण ज्याला करारी नेता म्हणतो ती त्याने स्वतःच केलेली जाहिरात आहे आणि आपण ती अजून फुकटात चालवतोय. 60 लाख ज्यू मारले ते त्या फोटोत कुठेच नाही.

मुलीने घरी येऊन विचारलं, त्याच्या दंडावर आपलं स्वस्तिक का होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की हिटलरच्या पक्षाचं उलटं असतं, पण तसं नाहीये, त्यांचंही उजवीकडेच वळतं, फक्त बहुतेक वेळा तिरकं, लाल कापडावर पांढऱ्या गोलात काळं. मी तिला उंबऱ्यावरचं कुंकवाचं दाखवलं, चार ठिपक्यांचं, आणि मग पुढे काय सांगावं तेच सुचेना.

आम्ही पनवेलचे. इथे जुनं सिनेगॉग आहे, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि अलिबागकडे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू लोक, शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मराठी बोलणारी, आपल्यासारखीच गावावरून आडनावं लावणारी माणसं ही. आणि इथून जवळच खारघरला 2006 मध्ये हिटलरच्या नावाने चक्क रेस्टॉरंट उघडलं होतं, मुंबईतल्या ज्यू लोकांनी आवाज उठवला तेव्हा नाव बदललं.

बंदी घाला असं मी म्हणत नाही, बंदी आली की पुस्तक दुप्पट खपतं. आमच्या वेळी हिटलर म्हणजे महायुद्धाची कारणं लिहा, पाच मार्क, एवढाच होता. त्यापेक्षा एक तास असा घ्या ना की पोरांसमोर ते स्टुडिओतले फोटो ठेवायचे आणि विचारायचं, हा माणूस कोणासाठी पोझ देतोय? दुसऱ्या तासाला शनिवार तेली. आणि फॅन्सी ड्रेसमध्ये 'थोर' कोणाला म्हणायचं त्याचं शाळांना एक साधं परिपत्रक काढा. गॅदरिंगं डिसेंबरात सुरू होतात, तेवढं त्याआधी बघा.

आपली,
पनवेलची एक आई